वाटा बंद करून जंगल राखता येत नाही

गेल्या काही वर्षांत निसर्गप्रेमी मंडळींमध्येच एक मत पक्के होत चालले आहे. अभयारण्य हे प्राण्यांचे घर. तिथे माणसाचे काय काम? पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी कळसूबाईच्या शिडीवरची रांग, हरिश्चंद्रगडावर दाटीने ठोकलेले तंबू किंवा काजवे पाहायला भंडारदऱ्याच्या रस्त्यावर लागलेल्या मोटारी यांची छायाचित्रे प्रसिद्ध झाली, की हे मत पुन्हा उसळी घेते. वाटा बंद करा, फाटक लावा, पाच-दहा वर्षे कुणालाच आत सोडू नका, जंगल आपोआप सावरेल, असे म्हटले जाते. असे म्हणणारे लोक जंगलाचे वैरी नाहीत. त्यातले बरेच जण स्वतः उमेदीची वर्षे डोंगर चाललेले आहेत आणि त्यांची चीड खरी आहे. म्हणून हे मत उडवून लावण्यात अर्थ नाही. ते आधी त्याच्या सर्वांत बळकट रूपात मांडले पाहिजे. पूर्वपक्ष दुबळा करून जिंकलेला वाद काही कामाचा नसतो.

या मताच्या पाठीशी नुसती भावना नाही, शास्त्रीय पुरावाही आहे. 2008 मध्ये सारा रीड आणि अ‍ॅडिना मेरेनलेंडर या दोन संशोधिकांनी उत्तर कॅलिफोर्नियातल्या 28 राखीव क्षेत्रांची तुलना प्रसिद्ध केली. त्यातल्या काही क्षेत्रांत लोकांना पायी फिरण्याची मुभा होती, तर तशाच प्रकारच्या शेजारच्या क्षेत्रांत ती नव्हती. जिथे लोक फिरत होते तिथे कायोटी आणि बॉबकॅट या स्थानिक मांसभक्षकांची घनता जवळजवळ पाच पटींनी कमी आढळली. शिकार नाही, वृक्षतोड नाही, गाड्या नाहीत. शांतपणे चालणारी माणसे, आणि तरीही एवढा फरक. पुढे 2016 मध्ये कोर्टनी लार्सन आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या 274 शोधनिबंधांचा आढावा घेतला. त्यातल्या 93 टक्के निबंधांत पर्यटकांचा प्राण्यांवर काही ना काही परिणाम नोंदलेला होता, आणि नोंदलेल्या परिणामांपैकी 59 टक्के प्रतिकूल होते. त्या आढाव्यातला आणखी एक निष्कर्ष तर पायी चालणाऱ्याला थेट अडचणीत आणतो: प्रतिकूल परिणामाचा पुरावा इंजिनावर चालणाऱ्या करमणुकीपेक्षा इंजिनाविना चालणाऱ्या करमणुकीत जास्त वेळा सापडला.

‘आम्ही फक्त चालतो, आमच्याने काय बिघडते’ हे गिर्यारोहकांचे लाडके उत्तर या आकड्यांपुढे टिकत नाही. ते सोडून दिलेलेच बरे. चालण्याने बिघडते. साताऱ्याजवळच्या कास पठारावर जांभ्या कातळावरची माती जेमतेम काही बोटे जाडीची आहे. सीतेची आसवे, गेंद, तेरडा यांचे सगळे आयुष्य त्या पातळ थरात आणि पावसाच्या चार महिन्यांत उरकते. तिथे छायाचित्रासाठी फुलांत बसलेला माणूस त्या वर्षीचे बी बुडवतो. काजव्यांचा नर प्रकाशाच्या खुणेने मादीला शोधतो. त्याच्यावर मोटारीचा दिवा पडला की ती खूण पुसली जाते. इथपर्यंत मला पूर्वपक्ष पूर्ण मान्य आहे.

माझा विरोध यापुढच्या उडीला आहे. चालण्याने परिणाम होतो, म्हणून चालणेच बंद करा, असे अनुमान या पुराव्यातून निघत नाही.

आधी आढाव्यातल्या टक्क्यांकडे पाहू. 93 टक्के निबंधांत परिणाम दिसला याचा अर्थ 93 टक्के ठिकाणी जंगल उजाड झाले असा होत नाही. भेकराने मान वर करून पाहिले, ते दहा पावले सरकले, पक्ष्याने घरट्याची जागा थोडी आत घेतली, किंवा एखाद्या जातीची संख्या घटली, हे सगळे अशा मोजणीत ‘परिणाम’ म्हणून एकेकच धरले जाते. किती निबंधांत परिणाम सापडला हे कळते. तो केवढा मोठा आणि किती टिकाऊ, हे कळत नाही. पायी चालणारा आणि मोटार यांच्या तुलनेतही हाच दोष येतो. चालणाऱ्यामुळे हरिण सावध झाल्याची नोंद आणि रस्त्यामुळे जंगलाचे दोन तुकडे झाल्याची नोंद एकाच तराजूत समान वजनाने बसते.

कॅलिफोर्नियाचा अभ्यास जास्त जड आहे आणि त्याला अधिक काळजीने उत्तर दिले पाहिजे. त्याच दोघींनी 2011 मध्ये पुढचे काम प्रसिद्ध केले. पाळीव कुत्र्यांविषयीचे नियम कडक की सैल याने मांसभक्षकांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही, माणसांची वर्दळ किती आहे याने पडतो, असे त्यात दिसले. हा निष्कर्ष मी लपवत नाही, कारण तो माझ्याच बाजूचा आहे. वर्दळ किती यावर जर परिणाम ठरत असेल, तर उपाय वर्दळीला मर्यादा घालण्याचा आहे. शून्य हा त्या मोजपट्टीवरचा एक टोकाचा आकडा झाला. तोच एकमेव आकडा असल्यासारखे बोलण्याला त्या अभ्यासात आधार नाही.

शिवाय त्या तुलनेतले ‘बंद’ क्षेत्र ज्या अर्थाने बंद होते त्या अर्थाने आपल्याकडे बंद क्षेत्र जवळपास नाहीच. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात 1986 मध्ये घोषित झालेले कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य 361.71 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्याच्या पोटात महादेव कोळी आणि ठाकर समाजाची गावे आहेत. पाचनईहून हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट ट्रेकर मंडळींनी पाडलेली नाही. ती गुराख्यांची, मधाला आणि हिरड्याला जाणाऱ्यांची, महाशिवरात्रीला हरिश्चंद्रेश्वराच्या देवळात जाणाऱ्यांची वाट आहे. भीमाशंकर अभयारण्य 1985 चे. पण कर्जतकडच्या खांडसहून शिडीघाटाने आणि गणेशघाटाने यात्रेकरू वर चढतात ते अधिसूचनेच्या कितीतरी आधीपासून. नाणेघाटातले सातवाहनांचे शिलालेख तर दोन हजार वर्षांपूर्वीच्या वर्दळीचे साक्षीदार आहेत. सह्याद्रीतला बिबट्या, शेकरू, भेकर, रानडुक्कर हे सगळे माणसाच्या पायवाटांसह वाढलेले प्राणी आहेत. ‘माणूस नसलेले मूळ जंगल’ ही कल्पना गृहीत धरून जो हिशेब मांडला जातो, तो या डोंगरांना लागू पडत नाही.

वाटेने चालणारा आणि वाट सोडून चालणारा यांच्यात प्राणी स्वतः फरक करतात, ही गोष्ट मला या सगळ्या वादात सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिले जाते. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या अँटिलोप बेटावर ऑड्री टेलर आणि रिचर्ड नाइट यांनी बायसन, म्यूल हरणे आणि प्राँगहॉर्न यांच्यावर केलेला अभ्यास 2003 मध्ये प्रसिद्ध झाला. वाटेवरच्या माणसापासून 100 मीटरच्या आत असलेले प्राणी पळण्याची शक्यता 70 टक्के होती. माणूस वाट सोडून फिरत असेल तर म्यूल हरणांच्या बाबतीत 100 मीटरच्या आत ती 96 टक्क्यांवर गेली, आणि ती 70 टक्क्यांपर्यंत उतरायला 390 मीटरचे अंतर लागले. माणूस तोच, पण वाट सोडल्याबरोबर त्याच्या अस्तित्वाची झळ चौपट लांबवर पोचली. कारण समजण्यासारखे आहे. वाटेवरचा माणूस कुठून येणार आणि कुठे जाणार हे प्राण्याला ठाऊक होते, तो त्याला आपल्या दिनक्रमात जागा करून देतो. झुडपातून अचानक निघालेला माणूस हा शिकारी असू शकतो.

हीच गोष्ट मातीची. डेव्हिड कोल यांनी अमेरिकेतल्या अरण्यभागांत अनेक वर्षे पायदळी तुडवल्या जाणाऱ्या जमिनीचा अभ्यास केला. त्यांच्या आणि इतरांच्या कामातून जे दिसले ते पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटते: बहुतेक नुकसान सुरुवातीच्या थोड्याशा चालण्यातच होऊन जाते. नाजूक वनस्पती असलेल्या जागेवरून काही डझन माणसे गेली की गवत मोडते, माती दबते. त्यानंतर शेकडो गेली तरी वाढीव नुकसान त्या मानाने थोडे असते. म्हणजे दोनशे माणसे एका ठरलेल्या टणक वाटेने गेली तर एक चिंचोळी पट्टी जाते; तीच दोनशे माणसे वीस आडवाटांनी विखुरली तर वीस पट्ट्या जातात.

आता वाट बंद केल्यावर सह्याद्रीत प्रत्यक्ष काय होते ते आठवा. मुख्य वाटेवर पाटी लागते, पहाटे चौकीवर कुणी बसते. दोन-तीन आठवड्यांत बाजूची ढोरवाट रुळू लागते, कुणीतरी नाळेतून चढायला सुरुवात करते, त्याचे चित्रीकरण मोबाइलवर फिरते आणि पुढच्या रविवारी तिथे तीस जण असतात. बंदी कागदावर राहते आणि जंगलात एका वाटेच्या चार वाटा होतात. ही चौथी वाट ज्या पदरातून जाते तिथे कालपर्यंत फक्त भेकरे होती. पायवाट ही जंगलाला पडलेली जखम आहे असे मानणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहावा. नीट आखलेली वाट माणसाला जंगलात सोडते त्यापेक्षा जास्त त्याला जंगलापासून अडवते. पायवाट पाण्याच्या पाटासारखी असते, तो बुजवला म्हणून पाणी यायचे थांबत नाही, ते शेतभर पसरते.

भीमाशंकरचे उदाहरण मला इथे जरा विस्ताराने घ्यायचे आहे. हे अभयारण्य मुख्यतः शेकरूसाठी राखलेले, आणि शेकरू हा महाराष्ट्राचा राज्यप्राणी. शेकरू झाडांवरून झाडांवर फिरते, जमिनीवर क्वचितच उतरते. त्याला जगायला एकमेकांत गुंतलेले शेंडे लागतात. एकेक शेकरू अनेक घरटी बांधते आणि त्यांच्यामध्ये वरच्यावर ये-जा करते. दोन-तीन फूट रुंदीची पायवाट या छताखालून जाते तेव्हा वरचे शेंडे जुळलेलेच राहतात. डांबरी रस्ता जातो तेव्हा छत फाटते. मग वाहनतळ येतो, दुकानांची ओळ येते, तिच्या मागे कचऱ्याचा उतार येतो, मोकाट कुत्री येतात. श्रावणात आणि महाशिवरात्रीला ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला जी प्रचंड गर्दी होते ती जवळजवळ सगळी या रस्त्याने येते. शिडीघाटाने घामाघूम होऊन चढणारे त्या मानाने मूठभर. तरीही बंदीची चर्चा निघते तेव्हा ती घाटवाटेच्या बंदीची निघते. रस्त्यावरच्या वाहनांची संख्या ठरवून द्यावी, खालच्या गावात गाड्या थांबवून पुढे मोजक्या बस चालवाव्यात, हे म्हणायला फार थोडे लोक तयार होतात. रस्त्याला मागणी असणारे पुष्कळ आहेत, पायवाटेला वाली नाही. बंदी घालायला सर्वांत सोपी गोष्ट निवडली जाते आणि तिला संवर्धन म्हटले जाते.

पनवेलजवळचे कर्नाळा पाहा. 1968 पासूनचे हे पक्षी अभयारण्य आज जेमतेम 12 चौरस किलोमीटरचे आहे आणि त्यातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. अखंड हॉर्न आणि धूर सोडणारा महामार्ग एका बाजूला आणि किल्ल्यावर जाणारी निसर्गवाट दुसऱ्या बाजूला ठेवली, तर या इवल्या जंगलाला कशाचे ओझे जास्त आहे हे सांगायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही.

विदर्भातले उदाहरण तर अगदी अलीकडचे आहे. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या पाच बछड्यांना रस्त्यावर दोन्ही बाजूंनी अडवून धरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांतला प्रत्येक जण परवाना घेऊन, शुल्क भरून, नियमाने ठरलेल्या फाटकातून आत गेला होता. ‘नियंत्रित पर्यटन’ म्हणून आपण ज्याला बिनघोर मान्यता देतो ते हे. मी असे म्हणत नाही की वाघाच्या गाभा क्षेत्रात लोकांना पायी सोडावे. तिथे ते माणसाच्या आणि वाघाच्या दोघांच्याही जिवावर बेतेल. म्हणणे इतकेच की डिझेलच्या गाडीतून हजारो रुपये खर्चून केलेला प्रवेश निरुपद्रवी आणि खांद्यावर पिशवी टाकून केलेला प्रवेश घातक, ही वर्गवारी पुराव्यावर उभी नाही.

‘एकदा माणसाला बाहेर काढून तर बघू’ असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्या देशात एक मोठा प्रयोग होऊन गेलेला आहे. राजस्थानातल्या भरतपूरचे केवलादेव घना 1981 मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1982 मध्ये तिथली चराई एकाएकी बंद करण्यात आली. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात माणसे मेली. चराई बंद करावी असे म्हणणाऱ्यांत सालिम अली यांच्यासारखे थोर पक्षीतज्ज्ञ होते. त्यानंतर त्यांच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने तिथे दीर्घ अभ्यास केला. म्हशी गेल्यावर पॅस्पॅलम नावाचे गवत पाण्यावर माजले, उघडे पाणी आकसले, आणि ज्या पाणपक्ष्यांसाठी एवढे केले त्यांचेच नुकसान झाले, असे त्या अभ्यासात स्पष्ट झाले. संस्थेने हा निष्कर्ष प्रामाणिकपणे प्रसिद्ध केला, हे तिच्या मोठेपणाचे आहे.

कासला याचीच लहान आवृत्ती घडली. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 स्थळांच्या जागतिक वारसा यादीत कास आले आणि गर्दी अनावर झाली. फुलांच्या रक्षणासाठी कुंपण घातले गेले. त्याने माणसे अडली, पण गुरेही अडली. गवत वाढले, फुलांचे गालिचे विरळ होऊ लागल्याची तक्रार आली, आणि शेवटी कुंपण काढण्याची वेळ आली. दिवसाला ठरावीक लोकांनाच प्रवेश, आगाऊ नोंदणी, आसपासच्या गावांच्या समितीची देखरेख हे उपाय मात्र टिकले. चराई आणि सहल या वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला मान्य आहे. केवलादेव आणि कास यांवरून एवढेच सिद्ध होते की माणसाला वगळले की निसर्ग आपोआप पूर्ववत होतो हे सूत्र प्रत्येक ठिकाणी तपासावे लागते, गृहीत धरता येत नाही.

कायद्याचा आधारही बंदीवाल्यांना वाटतो तितका नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम 27 अभयारण्यातल्या प्रवेशावर निर्बंध घालते, हे खरे. पण त्याच कायद्याचे कलम 28 कोणत्या कारणांसाठी परवाना देता येईल ते सांगते, आणि त्यात वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन यांच्या जोडीने पर्यटनाचे नाव स्पष्टपणे घेतलेले आहे. जुलै 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रात पर्यटनावर अंतरिम बंदी घातली होती. ऑक्टोबरमध्ये ती उठवली गेली आणि तिच्या जागी मार्गदर्शक तत्त्वे आली; गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त 20 टक्के भाग पर्यटनासाठी, असा दंडक त्यात होता. वाघाच्या बाबतीत जे तत्त्व देशाने संपूर्ण बंदीचा विचार करून मग स्वीकारले, ते शेकरूच्या आणि काजव्याच्या जंगलाला कमी पडण्याचे कारण नाही.

यापुढचा मुद्दा मोजता येत नाही, पण माझ्या दृष्टीने तो सगळ्यांत वरचा आहे. ज्या जंगलात कुणी जात नाही त्याच्या बाजूने उभे राहायलाही कुणी येत नाही. रानपिंगळा हा घुबडाच्या जातीचा लहानसा पक्षी 1884 नंतर खात्रीने दिसलेला नव्हता; तो नामशेष झाला असेच बहुतेकांनी धरले होते. 1997 मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळ दिसला. पुढे 2014 मध्ये तो थेट मुंबईला पाणी पुरवणाऱ्या तानसा तलावाभोवतीच्या अभयारण्यात आढळला. मुंबईपासून काही तासांवरच्या जंगलात एवढा दुर्मिळ पक्षी राहतो हे कळले ते पायी हिंडणाऱ्या पक्षीनिरीक्षकांमुळे. मुंबईतल्या आरेचेही तसेच. ऑक्टोबर 2019 मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी तिथली झाडे रातोरात तोडली जाऊ लागली तेव्हा काही तासांत रस्त्यावर आलेल्या लोकांत आरेतल्या पाड्यांवरचे आदिवासी होते, आणि त्या जंगलात सकाळी फिरून बिबट्यांच्या, कोळ्यांच्या, फुलपाखरांच्या नोंदी ठेवणारी तरुण मंडळी होती. आरे ही नुसती गवताळ पडीक जमीन आहे असे सांगितले जात होते. ते खोटे आहे हे या लोकांना माहीत होते, कारण ते तिथे चालले होते. पुढे आरेतला शेकडो एकरांचा भाग राखीव वन म्हणून घोषित झाला.

मराठीत जंगलाविषयी जे उत्तम लिहिले गेले तेही पायांनी मिळवलेले आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात राहिले, हिंडले आणि मग ‘नागझिरा’ लिहिले गेले. मारुती चितमपल्लींची वनखात्यातली सारी नोकरी आणि सारे लेखन रानवाटांवर झाले. या दोघांना वाचून किती जण वनसेवेत, संशोधनात, पक्षीनिरीक्षणात शिरले असतील! फाटकाबाहेर उभ्या राहिलेल्या मुलांमधून अशी माणसे घडतील ही आशा मला तरी धरवत नाही.

यावर एक रास्त आक्षेप येईल: हे सगळे शहरी माणसाच्या हिताचे झाले, बिबट्याला त्याचे काय? बिबट्याचे उत्तर मुंबईतच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104 चौरस किलोमीटरचे, वस्तीने दाबलेले. बोरिवलीच्या फाटकातून रोज पहाटे चालायला येणाऱ्यांची रीघ असते, कान्हेरीच्या लेण्यांना वर्षभर माणसे जातात. त्याच उद्यान-परिसरात 2018 च्या कॅमेरा सापळ्यांच्या अभ्यासात 47 बिबटे मोजले गेले. बिबट्याने माणसाशी वेळ वाटून घेतली आहे. केटलिन गेनर आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्येच 62 जातींच्या सस्तन प्राण्यांवरील 76 अभ्यास एकत्र करून दाखवले की माणसाच्या वावराजवळ प्राण्यांचे रात्रीचे हिंडणे सरासरी 1.36 पटींनी वाढते. याची किंमत प्राण्याला मोजावी लागते हे मी नाकारत नाही. पण यातून नियमही हाती लागतो: रात्र त्यांची. दिवसा वाट उघडी, सूर्यास्तानंतर कुणीही आत नाही, मुक्काम नाही, शेकोटी नाही, ध्वनिक्षेपक नाही. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर तंबूंची वस्ती वसू देणे आणि दिवसा चालू देणे या दोन गोष्टी एकाच नियमाखाली ढकलल्या जातात, तिथे घोटाळा होतो. पहिली बंद झालीच पाहिजे.

तसेच जागांचे आणि ऋतूंचे. लांब चोचीची गिधाडे कड्यांच्या कपारीत घरटी करतात आणि हिवाळ्यात त्यांची वीण असते. त्या महिन्यांत घरट्याच्या कड्यावर दोर टाकून उतरण्याचे कार्यक्रम कुणालाही करू देऊ नयेत. मे-जूनच्या काजव्यांच्या पंधरवड्यात मोटारी दूरच्या गावात थांबाव्यात, तिथून वाटाड्याबरोबर, विजेरी न लावता, ठरलेल्या वाटेने लहान गट जावेत, आणि काही दऱ्या आळीपाळीने पूर्ण मोकळ्या ठेवाव्यात. कासासारख्या कातळी सड्यांवर पावसाळ्यात पाय ठेवण्याच्या जागा दगडांनी आखून द्याव्यात. मी ज्याच्या विरोधात लिहितो आहे ती बारमाही, सरसकट, नकाशावर रेघ ओढून घातलेली बंदी आहे. नेमकी, कारण सांगून घातलेली आणि मुदत असलेली बंदी मला हवीच आहे.

आणि वाट राखणे हे काम आहे, हे एकदा मान्य केले पाहिजे. सह्याद्रीच्या पावसात उभ्या उताराने सरळ चढणारी वाट दोन-चार वर्षांत ओहोळ होते. मुरूम वाहून जातो, घसारा उघडा पडतो, चालणारा बाजूच्या गवतावरून जातो, आणि वाट रुंदावत राहते. यावर उपाय जुना आहे: वाट उताराला आडवी, नागमोडी न्यायची, ठरावीक अंतरावर तिरपे दगड बसवून पाणी बाजूला काढायचे, वळणे तोडणारे आडमार्ग काट्यांनी बंद करायचे. जुन्या घाटवाटा बांधणाऱ्यांना हे कळत होते. अनेक घाटांत त्यांच्या फरसबंदीचे तुकडे अजून जागेवर आहेत. आज पर्यटनाच्या निधीतून लोखंडी कठडे, सिमेंटच्या पायऱ्या आणि कमानी होतात. पाण्याच्या निचऱ्याचे चार दगड बसवायला पैसे मिळत नाहीत, कारण त्यांचे उद्घाटन करता येत नाही.

हे सारे करायला माणसे कुठून आणायची, हा शेवटचा आक्षेप. एका वनरक्षकाकडे केवढे क्षेत्र असते हे त्या भागात हिंडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण याला केरळातल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पाने पंचवीस वर्षांपूर्वीच उत्तर दिले आहे. तिथे रानदालचिनीची साल चोरून नेणाऱ्या टोळीतल्या 23 जणांशी वनखात्याने बोलणे केले, त्यांच्यावरचे खटले मिटवण्याची वाट काढली आणि 1998 पासून त्यांनाच पर्यटकांना पायी जंगलात नेण्याचे काम दिले. लहान गट, सोबत सशस्त्र वनरक्षक, ठरलेला मार्ग. चोरवाटा ज्यांना पाठ होत्या तेच त्या वाटांवर रोज दिसू लागले, आणि इतर चोरांना जंगलात शिरणे अवघड झाले. पुढे तिथे शेजारच्या वस्तीतल्या बायकांचा ‘वसंतसेना’ हा गट विनामोबदला गस्त घालू लागला. हे जगप्रसिद्ध व्याघ्र प्रकल्पात घडले, जिथे हत्तीही आहेत.

पाचनई, बारी, रतनवाडी, साम्रद, खांडस, आहुपे या गावांतली तरुण पोरे वाटाड्याचे काम आजही करतात. घरी पिठलेभाकरी रांधून येणाऱ्याला जेवू घालतात, चुकलेल्याला रात्री शोधून आणतात, पाय मोडलेल्याला झोळीतून उतरवतात. वाट बंद झाली की पहिली कमाई त्यांची बुडते, आणि त्या वाटेकडे लक्ष ठेवण्याचे त्यांचे कारणही संपते. त्यांना ओळखपत्र द्यावे, वाटेवरच्या शुल्कातला ठरलेला हिस्सा गावाच्या समितीकडे जावा, त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचला जावा, किती माणसांना एका दिवशी वर सोडायचे ते त्यांनी आणि वनखात्याने मिळून ठरवावे आणि ती संख्या भरली की मागून आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार त्यांच्या हातात असावा. हा अधिकार आज त्यांच्याकडे नाही. अभयारण्याच्या पुढच्या व्यवस्थापन आराखड्यात तो लिहून घेण्यासाठी गिर्यारोहण संस्थांनी आणि निसर्गप्रेमींनी वनखात्याकडे मागणी लावून धरावी. वाटा बंद करा म्हणून जी निवेदने दिली जातात, त्यांच्या जागी हे निवेदन जावे.